रिबोल्लिता: आज शिजवायचं, उद्या खायचं असं टस्कनीचं सूप

या सूपच्या नावातच त्याची कृती आहे. इटालियन भाषेत ‘रिबोल्लिता’ म्हणजे पुन्हा उकळलेली. मध्य इटलीतल्या टस्कनी प्रांतात शेतकऱ्यांच्या घरी शुक्रवारी, म्हणजे कॅथलिकांच्या मांसवर्ज्य दिवशी, घेवडा आणि कोबीचं पातेलंभर सूप शिजायचं. ते शिळ्या पावाबरोबर खायचे आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीवर चढवायचे. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या दिवसापेक्षा चांगलं लागतं हे ध्यानात आल्यावर मुद्दाम जास्त करायची पद्धत पडली असावी, असं मला आपलं वाटतं. लोणच्यासारखं मुरावं लागणारं सूप आहे हे. त्यामुळे आज रात्री पाहुणे येणार असतील तर दुसरं काहीतरी करा आणि हे उद्यासाठी ठेवा.

नावांचा थोडा गोंधळ आधी दूर करू. इटलीत सगळ्याच पातळ पदार्थांना एक नाव नाही. ज्यात पास्ता किंवा तांदूळ पडतो ती सहसा ‘मिनेस्त्रा’. भरपूर भाज्या घालून ती घसघशीत झाली की ‘मिनेस्त्रोने’, कारण शेवटचा ‘ओने’ मोठेपणा दाखवतो. ‘झुप्पा’त मात्र पाव हवा. बुडवून भिजवणं या अर्थाचं ‘इन्झुप्पारे’ हे क्रियापद त्याच घराण्यातलं. रिबोल्लितात पाव असतो, म्हणून ती झुप्पाच्या बाजूची. प्रत्यक्षात या सीमा इटालियन लोकही फार काटेकोर पाळत नाहीत.

हे हिवाळ्याचंच सूप का, याला दोन कारणं आहेत. पहिलं ‘काव्होलो नेरो’, म्हणजे काळा कोबी. याचा गड्डा धरत नाही. लांबट, सुरकुतलेली, काळपट हिरवी पानं देठावर सुटी वाढतात. थंडी पडली की ही वनस्पती गोठण्यापासून वाचण्यासाठी पेशींमध्ये साखर साठवते, म्हणून पहिला दहिवर पडून गेल्यावर खुडलेली पानं जास्त गोड लागतात. दुसरं कारण तेल. टस्कनीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हची तोडणी होते आणि घाण्यावरून नवं तेल येतं. हिरवट, तिखट, घशाला किंचित ठसका लावणारं. ते शिजवायचं नसतं, सूपवर वरून ओतायचं असतं. कोबी आणि तेल असे एकाच वेळी दाराशी आले की रिबोल्लिता होणारच.

साहित्य (सहा जणांना दोन वेळा पुरेल इतकं)

- वाळवलेला पांढरा घेवडा ३०० ग्रॅम. टस्कनीत ‘कान्नेल्लिनी’ जातीचा वापरतात
- एक मोठा कांदा, दोन गाजरं, सेलरीच्या दोन दांड्या
- लसणाच्या चार पाकळ्या, सेजची पाच-सहा पानं, थाइमच्या तीन-चार काड्या (सेज आणि थाइम या सुगंधी पाल्याच्या वनस्पती)
- टोमॅटो पेस्ट २ मोठे चमचे
- एक मोठा बटाटा
- काव्होलो नेरो ३०० ग्रॅम, सव्हॉय कोबी ३०० ग्रॅम, स्विस चार्ड (जाड देठांची पालेभाजी) २०० ग्रॅम
- शिळा, जाड सालीचा पाव २५० ते ३०० ग्रॅम
- एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल: शिजवायला सात मोठे चमचे आणि वरून घालायला सढळ हाताने
- मीठ, मिरपूड. घरात असेल तर पार्मिजानो चीजच्या कडेचा एक तुकडा

काव्होलो नेरो मिळाला नाही तर कोणताही केल चालेल. सव्हॉयऐवजी साधा कोबी घेतला तर सूप थोडं गोडसर होतं, पण बिघडत नाही. घेवडा, पाव आणि तेल या तिन्हींत मात्र तडजोड करू नका. बाकी सगळं बाजारात त्या दिवशी काय चांगलं आहे त्यावर ठरवा.

घेवडा

टस्कनीच्या लोकांना बाकीचे इटालियन ‘मान्जाफाजोली’ म्हणजे घेवडाखाऊ म्हणून चिडवत आले आहेत. गंमत अशी की हा घेवडा मुळात तिथला नाही. सोळाव्या शतकात तो अमेरिका खंडातून युरोपात पोचला. आल्यावर मात्र टस्कनीने त्याला असं आपलंसं केलं की काचेच्या चंबूत पाणी, तेल आणि सेजबरोबर भरून, विझत्या निखाऱ्यांवर रात्रभर ठेवून शिजवायची खास पद्धतच तिथे तयार झाली. त्यातून शिकण्यासारखी गोष्ट एकच: मंद आच.

आदल्या रात्री घेवडा दीड लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवून भिजत घाला. भिजवताना मीठ घातलं तर दाणे कडक राहतात असं सर्रास सांगतात, पण होतं उलटंच. सालीतलं पेक्टिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ, कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे घट्ट बांधलेलं असतं. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल मऊ पडते. दाणे फुटतातही कमी. आठ ते बारा तास पुरे.

सकाळी ते पाणी फेका, दाणे धुवा आणि दोन लिटर ताज्या पाण्यात घाला. लसणाच्या दोन पाकळ्या सालीसकट, सेजची पानं आणि एक चमचा तेल घालून मोठ्या आचेवर ठेवा. उकळी फुटली की निदान दहा मिनिटं रटरट उकळू द्या. ही दहा मिनिटं चुकवायची नाहीत. कच्च्या घेवड्यात लेक्टिन नावाचं प्रथिन असतं, ते पोटाला बाधतं आणि जोरदार उकळीनेच निकामी होतं. घेवडा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका असं सांगतात ते याचसाठी. वर येणारा फेस काढून टाका. मग आच इतकी कमी करा की पृष्ठभाग जेमतेम हलताना दिसावा.

किती वेळ लागेल? पाऊण तास ते दीड तास. जुना घेवडा त्याहूनही जास्त घेईल. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. एक दाणा काढून ठरवू नका, पाच काढा. पाचही बोटचेपे झाले आणि आत पांढरा खरखरीत गाभा उरला नाही, तर झालं. शेवटच्या पंधरा मिनिटांत एक छोटा चमचा मीठ घाला. प्रेशर कुकर वापरणार असाल तर भिजवलेल्या दाण्यांना पूर्ण दाब आल्यावर दहा-पंधरा मिनिटं पुरतात. फक्त पाणी जपून ठेवा.

ते पाणी म्हणजे या सूपचा जीव आहे. दुधट, किंचित चिकट, सेजचा वास उतरलेलं. एवढं असताना वेगळा स्टॉक कशाला? स्टॉकचे तयार चौकोनी तुकडे तर मी यात कधीच घालत नाही. ते कुठल्याही सूपला एकाच कारखान्याची चव देतात.

डबाबंद घेवडा वापरायचा असेल तर ४०० ग्रॅमचे तीन डबे लागतील. पातळीसाठी पाणी किंवा भाज्यांचं हलकं पाणी घ्या आणि दाणे जरा जास्तच घोटा. चव उतरते, पण थकून घरी आलेल्या माणसाला त्याचा दोष देऊ नये.

एक चूक मी स्वतः केली आहे. वेळ वाचवायला एकदा टोमॅटो, भाज्या आणि भिजवलेला घेवडा एकाच पातेल्यात एकदम घातला. चार तासांनी भाज्यांचा लगदा झाला होता आणि दाणे दाताखाली टकटक वाजत होते. टोमॅटोच्या आंबटपणाने पेक्टिन घट्टच राहतं. पाहुण्यांनी निमूटपणे खाल्लं, हे आणखी वाईट. तेव्हापासून घेवडा पूर्ण शिजल्याशिवाय टोमॅटोची आणि त्याची गाठ पडू देत नाही.

शिजलेल्या दाण्यांतले एक तृतीयांश अख्खे बाजूला काढा. लसणाची सालं आणि सेज टाकून द्या, पण सालीतून सुटलेला मऊ लसूण दाण्यांत राहू द्या. उरलेले दोन तृतीयांश दाणे थोड्या पाण्यासह घोटून घ्या. अगदी गंधासारखं करायची गरज नाही.

सोफ्रित्तो

कांदा, गाजर आणि सेलरी वाटाण्याएवढे बारीक चिरायचे. चिरलेल्या कच्च्या मिश्रणाला ‘बात्तूतो’ म्हणतात आणि तेलात परतल्यावर त्याचाच ‘सोफ्रित्तो’ होतो. सोफ्रित्तोचा शब्दशः अर्थ जेमतेम तळलेलं, आणि आच किती ठेवायची ते या शब्दातच सांगितलं आहे. फूड प्रोसेसरमध्ये फिरवलं तर भाज्या ठेचल्या जाऊन पाणी सुटतं आणि त्या परतल्या जाण्याऐवजी उकडल्या जातात. दहा मिनिटं सुरी चालवा.

जाड बुडाचं, निदान सहा लिटरचं पातेलं घ्या. तयार सूप एवढं होणार नाही, पण कच्च्या पाल्याचा ढीग मावायला हवा. त्यात तेलाचे सहा मोठे चमचे घाला. तेल खूप वाटेल. कमी करू नका. भाज्यांचा सुगंध तेलातच उतरतो आणि पुढे तेच तेल सूपभर पसरतं. मध्यमपेक्षा कमी आचेवर बात्तूतो आणि चिमूटभर मीठ घालून वीस ते पंचवीस मिनिटं परता. मिठाने भाज्यांचं पाणी लवकर सुटतं.

इथे कानही उघडे ठेवा. सुरुवातीला ओलसर फसफस ऐकू येते. पाणी आटत आलं की आवाज बारीक होतो आणि मग चुरचुरायला लागतो. तोवर कांदा पारदर्शक होऊन ढेपाळलेला असतो, गाजराने तेलाला केशरी रंग दिलेला असतो आणि कच्च्या कांद्याचा उग्र वास जाऊन गोडसर वास यायला लागतो. हा बदल नाकाला कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. कडा तपकिरी व्हायला लागल्या तर आच जास्त आहे. चमचाभर पाणी शिंपडा आणि कमी करा.

आता लसणाच्या उरलेल्या दोन पाकळ्या चिरून आणि थाइमची पानं घाला. टस्कनीत थाइमला ‘पेपोलीनो’ असं गोड नाव आहे. मिनिटभराने टोमॅटो पेस्ट घालून दोन-तीन मिनिटं परता. लालभडक रंग विटकरी झाला की तिचा कच्चेपणा गेला. रिबोल्लिता हे टोमॅटोचं सूप नाही, तिथे टोमॅटो रंगापुरता आणि किंचित आंबटपणापुरता असतो. दोन चमच्यांच्या वर जाऊ नका.

पाला आणि लांब शिजवण

काव्होलो नेरोच्या पानांची मधली जाड शीर काढून टाका. एका हाताने देठ धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीतून पान ओढलं की ती आपोआप सुटते. पानं आडवी, दोन बोटं रुंदीची चिरा. चार्डचे देठ आणि पानं वेगळी करा. बटाट्याच्या छोट्या फोडी करा.

पातेल्यात आधी बटाटा आणि चार्डचे देठ, पाच मिनिटांनी कोबी, मग काव्होलो नेरो आणि शेवटी चार्डची पानं. अर्धा चमचा मीठ घालून झाकण ठेवा. दहा मिनिटांत तो डोंगर चक्क एक तृतीयांश होतो.

त्यावर घोटलेला घेवडा आणि घेवड्याचं पाणी ओता. भाज्यांवर दोन बोटं पाणी उभं राहिलं पाहिजे, कमी पडलं तर साधं गरम पाणी घाला. चीजची कड असेल तर ती याच वेळी टाका. खऱ्या पार्मिजानो रेज्जानोच्या कडेवर मेण नसतं, ते निव्वळ वाळून कडक झालेलं चीजच असतं. बाहेरची बाजू सुरीने खरवडून धुतली की झालं. तासाभरात ती लुसलुशीत होते आणि सूपला मांसाशिवाय मांसल खोली देते. फ्लॉरेन्समधले जुने स्वयंपाकी याला नाक मुरडतील, कारण तिथे रिबोल्लितात चीज सहसा घालत नाहीत. मी घालते आणि गप्प बसते.

झाकण किंचित तिरकं ठेवून मंद आचेवर एक ते सव्वा तास शिजू द्या. अधूनमधून तळापासून ढवळा, घोटलेला घेवडा बुडाला लागतो. पाल्याचा हिरवागार रंग जाऊन तो शेवाळी होईल. घाबरू नका, इथे तेच हवं आहे. हिरवा टवटवीत कोबी म्हणजे अर्धकच्चं सूप. शेवटच्या दहा मिनिटांत बाजूला ठेवलेले अख्खे दाणे घाला, चव घ्या आणि मीठ थोडं कमीच ठेवा. पुढे पाव यायचा आहे आणि उद्या पुन्हा उकळताना पाणीही आटणार आहे.

पाव

टस्कनीचा पाव अळणी असतो. पिसा शहराने मीठ अडवलं म्हणून, मिठावर कर होता म्हणून, अशा दंतकथा भरपूर आहेत. अळणी असणं हीच त्याची ओळख, आणि २०१६ साली ‘पाने तोस्कानो’ला युरोपीय संघाचं संरक्षित उगमस्थानाचं मानांकन मिळालं. नुसता खाल्ला तर पहिल्या घासाला बेकरीवाला मीठ विसरला असंच वाटतं. सूपमध्ये मात्र तो चपखल बसतो. तुमच्या पावात मीठ असेल तर सूपमधलं तेवढं कमी करा.

पाव शिळा का हवा? ताज्या पावातला स्टार्च मऊ असतो, गरम सूपमध्ये पडला की त्याची खळ होते. एक-दोन दिवसांत तो स्टार्च पुन्हा घट्ट रचला जातो, म्हणून शिळा पाव रस पिऊनही आपला आकार बराच राखतो. ताजाच पाव हाताशी असेल तर जाड काप करून १५० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये वीसेक मिनिटं वाळवा. रंग येऊ देऊ नका. सँडविचचा मऊ चौकोनी पाव मात्र कितीही वाळवला तरी यात गिचका होतो.

एक पसरट, उथळ भांडं घ्या. तळाला पावाचे बोटभर जाड काप, त्यावर सूप, पुन्हा पाव, पुन्हा सूप. दोन-तीन थर पुरतात. डावाने हलकेच दाबा म्हणजे पाव पूर्ण बुडेल. पहिल्या रात्री एक वाटी गरम खाऊन बघायला हरकत नाही. चांगलंच लागेल, पण घेवडा, पाला आणि पाव अजून एकमेकांशी बोललेले नसतात.

उथळ भांड्याला आणखी एक कारण आहे. सहा लिटरच्या पातेल्यातलं दाट सूप मध्यभागी कित्येक तास कोमट राहतं आणि कोमटपणा जिवाणूंना मानवतो. पसरट भांड्यात ते लवकर निवतं. दोन तासांच्या आत ते ५ अंशांखाली, म्हणजे फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. तीन दिवस टिकतं. गोठवायचं असेल तर पाव घालण्यापूर्वीच वेगळं काढा.

पुन्हा उकळताना

दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून निघेल तो चक्क थापा असेल. लागेल तेवढाच भाग काढा, कारण सारखं गरम करून पुन्हा थंड करणं बरं नाही. जाड पातेल्यात अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर ठेवा आणि लाकडी डावाने पाव मोडत ढवळा. पंधरा-वीस मिनिटांत सगळीकडून बुडबुडे फुटायला लागतील. ते चेहऱ्यावर उडतात, वाकून बघू नका. डाव उभा राहील इतकं दाट झालं की ती खरी रिबोल्लिता.

खोलगट ताटलीत वाढा, पाच मिनिटं थांबा. जिभेला चटका बसला तर तेलाची चव कळत नाही. मग प्रत्येकाच्या ताटलीवर मोठा चमचाभर कच्चं तेल, ताजी मिरपूड आणि आवडत असेल तर लाल कांद्याच्या पातळ चकत्या. टस्कनीत कच्च्या कांद्याची जोड जुनी आहे. तो करकरीत उग्रपणा या मऊ दाटपणाला छान चाप लावतो.

पाव नको असेल तर याच घेवड्याची ‘पास्ता ए फाजोली’ होते. पाला वगळा, सूप थोडं पातळ ठेवा आणि दित्तालिनीसारखा छोटा पास्ता माणशी ४० ते ५० ग्रॅम थेट त्यातच शिजवा. त्याचा स्टार्च सुटून रस दाट होतो. हे मात्र लगेच खायचं, पास्ता उद्यापर्यंत सगळा रस पिऊन फुगतो. आणि इटलीच्याच लिगुरिया प्रांतात मिनेस्त्रोने आचेवरून उतरवल्यावर चमचाभर पेस्तो, म्हणजे बेसिलची चटणी, ढवळतात. तो उकळला तर बेसिलचा वास उडून जातो, म्हणून उतरवल्यावरच.

तिसऱ्या दिवशी वाडगाभर रिबोल्लिता उरलीच तर ती गरम करायच्या भानगडीत पडू नका. लोखंडी तव्यात दोन चमचे तेल तापवा, रिबोल्लिता दोन सेंटिमीटर जाड थापा आणि आठ-दहा मिनिटं हात लावू नका. कडेने तपकिरी जाळी दिसली की उलथण्याने मोठे तुकडे करून उलटा. खरपूस बाजू ताटलीत वर येईल अशी वाढा, आणि तव्याला चिकटलेला शेवटचा तुकडा ज्याने केलं त्याचा.